सून सासऱ्याआड

१४ नोव्हेंबर १९५५, सोमवार

आजपासून ताड मोजण्याचे काम सुरू झाले. शिवडीच्या खाजणापासून वडाळ्याच्या मिठागरांपर्यंत जी मोकळी जमीन आहे, तिथे गुदामे आणि रस्ता होणार आहे. त्याआधी खात्याला झाडांची यादी हवी. बाभळी आणि खारफुटी धरायची नाही, फक्त ताड. आमचे हेडक्लार्क रमाकांत प्रधान म्हणाले, "कासारे, तुमचं अक्षर चांगलं आहे आणि पायही चांगले आहेत. तुम्हीच जा."

मी अजून टेंपररी आहे. मार्चअखेर कायम करायचे की नाही ते ठरेल.

रकाने असे: नंबर, घेर, अंदाजे उंची, नर की मादी, उपयोग, शेरा. उपयोगाच्या रकान्यात पाचांपैकी एकच शब्द लिहायचा. नीरा, फळ, पाने, लाकूड, नाही. जागेवर पेन्सिलने कच्ची वही लिहायची आणि मग ऑफिसात शाईने पक्की यादी. कच्च्या वहीत रबर चालत नाही. चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. नियम सात.

रात्रशाळेचे गुरुजी सांगत, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे विचार सरळ होतात. म्हणून ही वेगळी वही.

१६ नोव्हेंबर

हाताखाली भिवा नावाचा मजूर दिला आहे. साठीचा भंडारी. दारूबंदी येईपर्यंत याच ताडांवर चढून ताडी काढायचा. आता खात्यात फावडे धरतो. झाडाला हात लावून तो उंची सांगतो, आणि मी काठी-सावलीने काढलेली उंची त्याच्या आकड्यापासून दोन-तीन फुटांपलीकडे चुकत नाही. चुकते ती माझीच, असे तो म्हणतो.

ताडात नर वेगळा, मादी वेगळी, हे मला माहीत नव्हते. मादीला ताडगोळे लागतात. नराला नुसते बोटांसारखे तुरे येतात. पान मात्र दोघांचे एकच. पसरलेल्या पंख्यासारखे, देठाच्या कडांना करवतीचे दाते. वारा आला की वर इतका खडखडाट होतो की पाऊस लागला असे वाटून मी दोनदा वही शर्टाखाली घातली.

आज १९ झाडे.

२१ नोव्हेंबर

आज संप होता. गिरण्या बंद, ट्राम बंद. नायगावहून शिवडीला चालत गेलो. भिवाही आला होता. ३१ झाडे झाली, आतापर्यंतची सर्वांत जास्त, कारण वाटेत थांबवणारे कोणी नव्हते.

घरी आल्यावर कळले की फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. माणसे मेली. माझी बायको कौसल्या दारातच उभी होती.

"सगळी चाळ रिकामी झाली. माणसं मोर्चाला गेली. आणि तुमी झाडं मोजायला गेलात?"

मी म्हटले, टेंपररी माणसाची रजा कापतात. ते खरेच आहे. मुंबई महाराष्ट्रात यावी असे मलाही वाटते. पण माझ्या जाण्याने ती लवकर आली असती असे नाही.

२८ नोव्हेंबर

आज समुद्राकडच्या बांधावर पोचलो. तिथे दोनच ताड आहेत, इतरांपासून वेगळे, एकापाठी एक, मध्ये साधारण दोनशे पावले. नंबर १८७ आणि १८८. घेर घेत असताना एक कोळी चिखलातून वर आला. चाळिशीचा, रुंद. हरेश्वर तांडेल. स्वतःची होडी आहे.

"काय करताय?"

"ताडांची यादी."

"यादी झाली की तोडणार."

"ते मला माहीत नाही," मी म्हटले. माहीत होते.

"तोडा. पण ही दोन धरू नका. ह्यो पुढचा सासरा. ती मागची सून."

मला कळले नाही. मग त्याने चिखलात काठीने रेघ मारून दाखवले. खाडीतून कोळीवाड्याकडे यायची पाण्याची वाट अरुंद आहे. डावीकडे बुडता खडक, उजवीकडे गाळ. समुद्रातून येताना या दोन झाडांकडे बघायचे. मागचे झाड पुढच्याच्या बरोबर आड गेले, दोन डोक्यांचे एक डोके झाले, की होडी वाटेत आहे.

"सुनेनं सासऱ्याच्या आडच राहायचं," तो म्हणाला. "डावीकडनं डोकावली की खाली खडक. उजवीकडनं डोकावली की रुतलो."

"दुसरी खूण नाही?"

"डोंगर हाय, किल्ला हाय. पण थंडीचं सकाळी धुकं बसतं, तवा काय दिसत नाय. या दोघांचे शेंडे तेवढे धुक्याच्या वर असतात. माझ्या आज्यानं हेच बघितलं. एकदा चला होडीतनं, दाखवतो."

होडीतून जाण्याची कामात तरतूद नाही, असे मी सांगितले.

दोन्ही झाडे तपासली. दोन्ही नर आहेत, म्हणजे सून हे नाव चूक आहे. फळ नाही. खोडे वाकडी, म्हणून लाकडालाही फारशी कामाची नाहीत. उपयोगाच्या रकान्यात पाचांपैकी कोणता शब्द घालावा ते कळेना. शेवटी पेन्सिलने 'खूण' लिहिले आणि शेऱ्यात 'कोळ्यांची होडी आणण्याची खूण, ह. तांडेल यांनी सांगितले' असे लिहून ठेवले.

२९ नोव्हेंबर

हरेश्वरने घरी चहाला नेले. त्याची आई सखुबाई, आणि धाकटा भाऊ उत्तम. उत्तम बावीस-तेवीस वर्षांचा असेल. वैशाखात त्याचे लग्न आहे. होडीत तो पुढे नाळेवर उभा राहून काठीने पाण्याचा ठाव घेतो.

"कासारे, मोर्चाला येता का नाय?" त्याने मला विचारले. "आमच्याकडनं पन्नास माणूस गेलं व्हतं. मी झेंडा धरलेला. काठी धरायची सवयच हाय माझी." आणि स्वतःच हसला.

सखुबाईने आडनाव विचारले, मग गाव विचारले. दापोलीजवळचे सांगितले. ती काय समजायचे ते समजली. चहा संपल्यावर मी सवयीने पेला विसळायला मोरीकडे निघालो.

"ठेवा खाली," ती म्हणाली. "आमच्याकडं पावना भांडी घासत नाय."

पेला ठेवला.

१२ डिसेंबर

मोजणी संपली. एकूण २१४. पक्की यादी करताना प्रधानसाहेब कच्ची वही चाळत होते. १८७ वर बोट थांबले.

"खूण? ही काय भानगड?"

मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"कासारे, पाच शब्द दिलेत. सहावा तुम्ही कुठून आणलात?"

"पाचांत बसत नव्हतं, साहेब."

"न बसणाऱ्यासाठीच 'नाही' हा शब्द ठेवलाय. हे बघा, खूण लिहिलीत की वरून प्रश्न येणार. कोणाची खूण, कोणी परवानगी दिली, किती वर्षांची. सगळी यादी अडकेल. ती उद्या वर जायची आहे. तुमचा कायमपणाचा कागदही त्याच टपालात आहे. तरी तुम्हाला वाटतं तसं करा."

मी पक्क्या यादीत दोन्ही नंबरांपुढे 'नाही' लिहिले. शेरा कोरा. प्रधानसाहेबांनी अक्षराची तारीफ केली. ती मला आवडली, हे इथे लिहून ठेवतो.

दुपारी तेच आमच्या टेबलांवरून फिरून सत्याग्रहासाठी नावे घेत होते. म्हणत होते, "मुंबईची वीतभर जमीनसुद्धा आपण सोडायची नाही." त्यांचा आवाज भरून आला होता. माणूस मनाने चांगला आहे.

रात्री जेवताना कौसल्याला हे सांगितले. ती म्हणाली, "मग त्या लोकांनी घरला कसं यायचं?"

"त्यांची काहीतरी सोय असेल."

तिने ताटे उचलली.

३ जानेवारी १९५६

तोडीचा हुकूम आला. कंत्राटदाराची माणसे वडाळ्याच्या बाजूने झोपड्या टाकून राहिली आहेत. आज मी आणि भिवाने झाडांवर डांबराच्या फुल्या मारल्या. बांधावर पोचलो तेव्हा चार वाजले होते.

भिवाने डबा खाली ठेवला. "डांबर संपलं म्हणू या."

मी डब्यात पाहिले. निम्म्याच्या वर होते.

"आहे की," मी म्हटले.

त्याने ब्रश माझ्या हातात दिला आणि बांधावर पाठ करून बसला. १८७ आणि १८८ वरच्या फुल्या मी मारल्या. ताडाची साल खरखरीत असते, ब्रश अडकतो. तीन-तीनदा मारावी लागली.

१० जानेवारी

रोज बारा ते पंधरा ताड पडतात. खोड बाहेरून काळे आणि कडक, आत भुसभुशीत. कुऱ्हाडीचे पहिले घाव टणटण वाजतात, मग आवाज एकदम बसतो. पडताना पानेच आधी ओरडतात. एका झाडाच्या वाळक्या पानांत पाकोळ्यांची घरटी होती. त्या दिवसभर त्याच उंचीवर हवेत फिरत राहिल्या.

१३ जानेवारी, शुक्रवार

हरेश्वर आज तोडीच्या जागी आला. फुल्या त्याने आधीच पाहिल्या होत्या. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ते बरे वाटले.

"आम्ही उद्या निघतो. पाच-सहा दिवस लागतील. आलो की त्या जागेवर दोन वासे रोवून घेतो. तवर एवढी दोन राहू द्या."

"सांगतो."

"कुणाला?"

"मुकादमाला. तोड कोणत्या बाजूने न्यायची ते त्याच्या हातात आहे."

"सांगताय ना?"

"सांगतो म्हटलं ना."

उत्तम लांबून हात हलवत होता. मुकादम शिधा आणायला वडाळ्याला गेला होता. उद्या संक्रांत, परवा रविवार. सोमवारी सांगता येईल.

१६ जानेवारी, सोमवार

मुकादम आज दुसऱ्या टोकाला होता. तिकडे जाऊन यायला अर्धा तास गेला असता, आणि मला खोडांची मापे संध्याकाळपर्यंत द्यायची होती. आज १४७ पर्यंत तोड झाली. दिवसाला चौदा धरले तर १८७ ची पाळी गुरुवारी. उद्या सांगितले तरी पुष्कळ वेळ आहे.

संध्याकाळी रेडिओवर ऐकले. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. चाळीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही. कौसल्याने पेटवली नाही.

१७ जानेवारी

घरातच. परळ नाक्याकडून गोळीबाराचे आवाज येतात. आधी एक, मग चार-पाच लागोपाठ. संचारबंदी पुकारली आहे. खालच्या मजल्याच्या भिंतीत एक गोळी घुसली. पोरांनी बोट घालून पाहिले. कोणाला लागली नाही.

तोडीची माणसे जागेवरच राहतात. त्यांचे काम चालू असणार. आज १६१ पर्यंत झाले असेल.

१८ जानेवारी

आज १७५. दिवसाला चौदा धरले तर.

दुपारी दोन तास संचारबंदी उठवली होती. सगळी चाळ रॉकेल आणि तांदळाला धावली, मीही गेलो. शिवडी इथून पाऊण तास. जाऊन यायला दीड तास आणि मुकादमाला शोधायला अर्धा. म्हणजे बरोबर दोन तास. जमले असते किंवा नसते. रॉकेल मिळाले नाही. तांदूळ मिळाला.

कौसल्या म्हणाली, "कसले आकडे मांडताय सारखे?"

"ऑफिसचे," मी म्हटले.

२४ जानेवारी, मंगळवार

आज कामावर गेलो. बांध मोकळा दिसतो. दोन्ही बुंधे आहेत. चौदाचा हिशेब चुकला होता. संचारबंदीत दुसरे काही करण्यासारखे नसल्याने माणसे रोज वीसवर ताड पाडत होती. १८७ आणि १८८ बुधवारीच पडले. म्हणजे मी दुपारी तांदळाच्या रांगेत होतो तेव्हा.

भिवा बुंध्यावर बसला होता. त्याने सांगितले ते असे.

हरेश्वरची होडी गुरुवारी सकाळी परत आली. मासळी उतरवायचा धक्का बंद होता. शहरावर धूर दिसत होता, गोळीबाराची बातमी समुद्रातच दुसऱ्या होडीकडून कळली होती. घरच्यांच्या काळजीने ते भरतीची वाट न बघता सुकतीलाच आत शिरले. धुके होते. उत्तम नाळेवर काठी घेऊन उभा होता. हरेश्वर मागून ओरडत होता, "सासरा दिसतो का?" आणि उत्तम म्हणत होता, "नाय रे दादा, अजून नाय." होडी खडकावर गेली. उत्तम होडी आणि खडक यांच्या मध्ये सापडला. बाकीचे चौघे पोहत आले. त्याला वर काढले तेव्हा जीव होता. इस्पितळाचा रस्ता बंद होता. बारा वाजायच्या आत गेला.

भिवाने विचारले, "मुकादमाला बोलला व्हता ना तुमी?"

मी म्हटले, संचारबंदी लागली.

खोडांची मापे घेतली. १८७ बत्तीस फूट दोन इंच, १८८ चौतीस फूट. उभ्या झाडाचा माझा अंदाज तीन फुटांनी चुकला होता. भिवाचा बरोबर होता.

२५ जानेवारी

कोळीवाड्यात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. घरात बरीच माणसे होती. हरेश्वर कोपऱ्यात बसला होता, त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला. माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली.

सखुबाईने मला ओळखले. "तुमीच ना झाडं मोजणारे?"

"हो."

"सगळ्यांना नंबर दिलेत म्हणं."

"हो."

"आमच्या दोघांना कंचा?"

"एकशे सत्त्याऐंशी. आणि एकशे अठ्ठ्याऐंशी."

"परत सांगा."

परत सांगितले. तिने दोन्ही नंबर हळूहळू स्वतःशी म्हणून पाहिले, एखादे नवे नाव पाठ करावे तसे. मग विचारले, "आनि म्होरं काय लिवलंत?"

मी उठलो. कोणी अडवले नाही. बाहेर येऊन चप्पल घातली तर डावी उजवीकडे जात होती.

घरी येऊन कौसल्याला सगळे सांगितले, सखुबाईचा प्रश्नसुद्धा. तिने विचारले, "मग काय सांगितलंत?" मी म्हटले, काही नाही. ती भांडी घासायला गेली.

४ फेब्रुवारी

कौसल्याची तब्येत बरी नसावी. बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते आणि दुसरीकडे बसून जेवते. सुके बोंबील घरात आणायचे बंद केले. विचारले तर म्हणते, वास सहन होत नाही. दोन दिवसांपूर्वी दुपारी घरी आलो तर कुलूप. शेजारणीने सांगितले, शिवडीला गेली आहे. शिवडीत आमचे कोणी नाही.

१३ फेब्रुवारी

कोळ्यांनी खात्याकडे अर्ज केला आहे. त्यात लिहिले आहे की झाडांचा उपयोग मोजणाऱ्या कारकुनाला आधीच सांगितला होता. वरून विचारणा आली. पक्क्या यादीत तर 'नाही' आहे. आता कच्ची वही मागवली आहे.

प्रधानसाहेबांनी मला आत बोलावले आणि दार लावून घेतले. त्यांच्या पुतण्याला गिरगावात पायाला गोळी लागली. महिनाभर ते इस्पितळात येरझाऱ्या घालताहेत, दाढी वाढली आहे.

"बसा, कासारे." मी बसलो. "ते लोक सुकतीला आले. भरतीला आले असते तर खडक पाण्याखाली राहिला असता. हे खरं की नाही?"

"खरं आहे."

"मग?"

"धक्का बंद होता, साहेब. शहर बंद होतं."

"शहर कशासाठी बंद होतं?" त्यांचा आवाज चढला, मग ते थांबले. टेबलाचा खण उघडून त्यांनी रबर काढले आणि वहीवर ठेवले. "पेन्सिलीचं लिहिणं आहे. वही उद्या वर जाईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. आणि माझ्याही."

खरे तेच सांगत होते. रबर नवे होते, कोपरे शाबूत. मी वही उघडली. ओळ वाचली. 'कोळ्यांची होडी आणण्याची खूण, ह. तांडेल यांनी सांगितले.'

"कच्च्या वहीत रबर चालत नाही," मी म्हटले. "नियम सात."

"मग रेघ मारा आणि सही करा."

"रेघेखालचं वाचता येतं, साहेब."

मी वही मिटून त्यांच्या पुढे सरकवली. नंतर एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिले की 'खूण' हा शब्द माझा आहे, पक्क्या यादीतला 'नाही' हाही माझाच, आणि १३ जानेवारीला मुकादमाला सांगण्याचे कबूल करून मी सांगितले नाही. सही, तारीख. 'नाही' कोणाच्या सांगण्यावरून, ते त्यात घातले नाही. साहेबांवर ढकलायचे मनात आले होते. पण बोट माझे होते आणि शाईही.

असे का केले ते नीट कळत नाही. बहुधा नियम होता म्हणून.

घरी सांगितले. कौसल्याने आपले ताट आणून माझ्या ताटाशेजारी ठेवले. तिची तब्येत आता सुधारत असावी.

३१ मार्च

आज खात्यातला शेवटचा दिवस. कायम केले नाही. कारण दिलेले नाही. प्रधानसाहेबांनी पत्र हातात दिले तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते. "गोदीत हजेरी कारकून घेताहेत," एवढेच म्हणाले, आणि एका चिठ्ठीवर माणसाचे नाव लिहून दिले.

८ एप्रिल

रविवार. सकाळी दारात हरेश्वर. चाळीचा पत्ता त्याला कौसल्याने दिला होता, असे आता कळले. त्याला आत यायला सांगितले, पण तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. खात्याचे पत्र आणले होते. मी वाचून दाखवले. अर्जदारांना बांधाजवळ दोन खांब स्वखर्चाने रोवण्यास हरकत नाही. खांबांची जबाबदारी खात्यावर राहणार नाही. झालेल्या घटनेबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मी दोन्ही बाजू पाहिल्या.

"संपलं?" हरेश्वरने विचारले.

"संपलं."

त्याने पत्राची घडी केली. "बुधवारी पहाटे मोठी ओहोटी हाय. खांब रोवायचे. बुंध्यांच्या जागी गुदामाची भिंत येते, तवा म्होरचा खांब खाली चिखलात घ्यावा लागंल. माझी मानसं होडीत लागतात. खांब धरून उभं राहायला कोन नाय."

मला वाटले तो पत्ता विचारतो आहे, कुठे मजूर मिळेल त्याचा. मी भिवाचे नाव सांगितले.

"भिवा मागच्या खांबाला हाय," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

कौसल्या आतून म्हणाली, "येतील ते."

११ एप्रिल, बुधवार

गोदीतल्या कामावर आजचा अर्धा दिवस मागून घेतला.

उजाडताना बांधावर पोचलो. पाणी पुष्कळ लांब गेले होते. सागाचे दोन खांब, टोकाला फळ्यांच्या चौकटी, त्यांना चुना फासलेला. मागचा खांब भिवाने आणि त्याने आणलेल्या दोघांनी बांधाच्या वरच्या अंगाला रोवून टाकला होता. पुढचा अजून सुटा होता. त्याची नेमकी जागा होडीतून बघूनच ठरायची. माझ्या हातात खांब देऊन ते दोघे भिवाबरोबर बांधावर दगड जमवायला गेले. मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून खांब उभा धरला.

होडी समोर लांब, खडकाच्या पलीकडे. तिच्यात हरेश्वर उभा होता, आणि नाळेवर काठी घेऊन दुसरा कोणीतरी. हरेश्वरने वल्हे उजवीकडे झुकवले की मी खांब वीतभर तिकडे सरकवायचा, डावीकडे झुकवले की इकडे. खांब उचलायचा, पाय उपसायचे, परत रोवायचा. मागचा खांब माझ्या पाठीशी होता. दोन्ही एका रेषेत आले की नाही ते मला दिसत नव्हते आणि दिसणारही नव्हते. ते फक्त त्याला दिसत होते.

उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, थोडे डावीकडे. असे किती वेळ चालले ते पाहिले नाही. भरती लागली. पाणी गुडघ्याला लागले, मग त्याच्याही वर. भिवा बांधावरून ओरडला, "दमलात का?" मी नाही म्हटले. खांब मात्र छातीशी घेतला.

मग हरेश्वरने वल्हे सरळ आडवे धरले आणि हळूच खाली केले. म्हणजे झाले. भिवा आणि ते दोघे दगड घेऊन खाली उतरले आणि खांबाच्या बुडाशी ठोकू लागले. पण खांब अजून हलत होता, म्हणून मी सोडला नाही.

होडी आत यायला निघाली. मांड्यांपर्यंत पाणी होते. होडी सरळ माझ्याच रोखाने येत होती. जवळ आली तेव्हा हरेश्वरचा चेहरा दिसला. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या डोक्यावर, खांबाच्या टोकाकडे लागलेले होते, आणि पापणी न हलवता तो तिकडे पाहत होता. मी हललो नाही. खडक डावीकडे राहिला, गाळ उजवीकडे राहिला, आणि होडी माझ्या बाजूने पाणी उडवत आत गेली.